संख्या : एक

“आता अजिबात बोलू नका,” तपासनीस बाई म्हणाल्या. त्यांनी बाकडं काचेसमोर ओढलं आणि त्यावर चक्क मांडी ठोकून बसल्या. “दहा मिनिटं. मला नुसतं बघू द्या.”

दहा मिनिटं! मत्स्यालयात झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे जिला रेडिओताई म्हणतात, तिला दहा मिनिटं गप्प बसवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण आज ताईची बोलती आधीच बंद झाली होती. समोरच्या नऊ नंबरच्या टाकीत मासाच नव्हता. आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. पाटी आधीच रंगवून झाली होती: ‘स्पंजात राहणारा गोबी मासा. संख्या : एक.’ मग पाण्याने भरलेली पिशवी आली. पिशवीत करंगळीएवढ्या नळ्यानळ्यांचा एक पिवळा स्पंज होता. मासा कुठे दिसेना. साहेबांनी पिशवी उजेडात धरली, गोल फिरवली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. उद्घाटनाचे पाहुणे तर दारात येऊन ठेपलेले. शेवटी त्यांनी नुसता स्पंज टाकीत सोडला.

“ताई, सांभाळून घ्या,” ते म्हणाले. “म्हणा, आत आहे.”

ताईने असं सांभाळलं, असं सांभाळलं, की विचारू नका! हातात छडी, काचेवर टकटक आणि तोंडाचा पट्टा सुरू. “बघा मंडळी, नखाएवढा मासा! खाणं स्पंजात, झोपणं स्पंजात, सगळा संसार स्पंजात. बाहेर यायचं नाव नाही! आमच्या नणंदबाई अशाच. एकदा आल्या की हलत नाहीत!” लोक पोट धरून हसायचे. काही जणांना तर शेपटीसुद्धा दिसायची. खोटं जरा पक्कं व्हावं म्हणून रोज सकाळी ती सगळ्यांसमोर चिमूटभर कोळंबीचा चुरा टाकीत सोडायची. संध्याकाळी बघावं तर चुरा गायब. टाकीतलं पाणी साफ करणारी गाळणी चांगली ओढते, असं तिला वाटायचं.

काल मात्र साहेबांनी तिला बोलावून घेतलं. “उद्या तपासणी आहे. त्या बाई एकेक शेपूट मोजून घेतात. पकडलं गेलं, तर मासा आहे म्हणून तुम्ही सांगत होता. मी नाही.” झालं, साहेब हात झटकून मोकळे! जाणार होती ती ताईची नोकरी. आणि या नोकरीइतकं तिला आयुष्यात दुसरं काही आवडलं नव्हतं. घरी तिने तोंड उघडलं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. इथे लोक तिकीट काढून तिचं ऐकायचे.

दोन मिनिटं झाली. पंप बुडबुडत होता. साहेब दारात उभे राहून रुमालाने मान पुसत होते. तीन मिनिटं झाली. चौथ्या मिनिटाला तिने ठरवलं, जाऊ दे नोकरी, एकदाचं खरं सांगून टाकू.

“बाई, मला एक कबूल करायचंय. या टाकीत ना...”

“श्श!” तपासनीस बाईंनी मान न वळवता हात वर केला. “ही छडी रोज वाजवता का काचेवर?”

“हो.”

“आणि असंच बोलता? इतक्या मोठ्याने?”

“हो, म्हणजे, मागच्यांना ऐकू जायला हवं ना...”

“छडी खाली ठेवा. आणि तोंडावर बोट.”

ताईने शाळेतल्यासारखं खरोखरच तोंडावर बोट ठेवलं. तपासनीस बाईंनी वहीत एक रेघ ओढली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. आता चुका मोजायला लागल्या, ताईच्या मनात आलं. एवढ्याशा टाकीत किती त्या चुका! चौथी रेघ झाली, पाचवी झाली. सहाव्या रेघेला बाईंनी वही मिटली आणि काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

“ही पाटी खोटी आहे.”

साहेब लगबगीने पुढे आले. “मी यांना पहिल्यापासून सांगत होतो, मॅडम, की लोकांना असं काहीबाही...”

“तुम्हीही गप्प बसा,” तपासनीस बाई म्हणाल्या आणि बाकड्यावर सरकून त्यांनी ताईला शेजारी जागा करून दिली. “या, इथून बघा. त्या मधल्या नळीच्या तोंडाशी.”

ताईने नाक काचेला टेकवलं. नळीच्या काठावर मोहरीएवढे दोन डोळे होते. तिने पापणी मिटून उघडली. डोळे तिथेच! शेजारच्या नळीतून आणखी दोन डोळे वर आले. दिवसातून वीसदा ‘बाहेर यायचं नाव नाही’ म्हणून लोकांना सांगणाऱ्या ताईला आठ महिन्यांत एकदाही वाटलं नव्हतं, की हे खरंही असू शकतं. तिला हसू फुटलं, रडू फुटलं, नाचावंसं वाटलं, साहेबांना छडीने टकटक करावंसं वाटलं. तिने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले.

“एक काय लिहिलंय? मी सहा मोजलेत,” तपासनीस बाई तिच्या कानात कुजबुजल्या. “आणि तुम्ही अजून मिनिटभर कळ काढलीत ना, तर सातवाही येतोय.”