हब्बाचे पाहुणे

बेंगळुरूच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर काम करणाऱ्या संध्याने सीमेवरच्या मुडबी गावी वडिलांना, बळीरामला, फोन लावला. नोकरी गेल्याचं आज सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं.

"अप्पा, इथं आमच्या कंपनीचा हब हाय न्हवं? त्यात आता ती स्वस्त तिकिटवाली कंपनी शिरलीय."

ती म्हणाली हब, म्हणजे कंपनीच्या विमानांचा मुख्य तळ; बळीरामने ‘हब्ब’ ऐकलं. कन्नडात हब्ब म्हणजे सण.

"येऊ दे की. हब्बाला पाव्हणं आलं तर तोंड पाडून कामून बोलायलीस?"

"तसं न्हाई, अप्पा. समदी लोकं त्यांच्याकडंच जायलीत. आमची विमानं रिकामी उडायलीत. म्हणून मग मला..."

 

"संध्ये, त्या पाव्हण्यांपायी तुला पंगतीतून उठवलं व्हय?"

"व्हय, अप्पा."

"मला जात विचारून उठवलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुला काय विचारलं गं?"

"काहीच न्हाई विचारलं, अप्पा."