मॅडमचा आवाज

तेजल मेश्राम वर्गात येईनाशी झाली, तेव्हा देवतळे मॅडम चंद्रपूरच्या टोकाला असलेल्या तिच्या घरी गेल्या.

शाळेत मोठ्या पडद्यासमोर भरणाऱ्या त्यांच्या वर्गात निम्मी मुलं इथली आणि निम्मी फिनलंडची होती. प्रत्येकाच्या कानात एक यंत्र असे. मॅडमनी दिलेला अभिप्राय ते ज्याच्या त्याच्या संस्कृतीला मानवेल अशा शब्दांत ऐकवत असे, पण आवाज मॅडमचाच असे.

"वर्ग का सोडलास गं?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच म्हटलं ना, असा निबंध लिहिण्यापेक्षा घरी बस म्हणून."

मॅडमनी असं म्हटलंच नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "सुरुवात सुंदर आहे, शेवट पुन्हा लिही." फिनलंडच्या आल्टोलाही त्या तेच म्हणाल्या होत्या, आणि त्याला ते जसंच्या तसं ऐकू गेलं होतं. इकडच्या मुलांना रागावलं तरच शिक्षकांची कळकळ पोचते, असं यंत्राने कुठल्याशा पाहणीवरून ठरवलं होतं.

मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं आणि आपलं वाक्य पुन्हा, हळुवारपणे म्हणून दाखवलं.

तेजलने मान खाली घातली. "घरी आल्या म्हणून गोड बोलून राहिल्या तुम्ही. मला माहीत आहे तुमचं बोलणं."

मॅडमनी पुन्हापुन्हा सांगून पाहिलं. तेजल जागची हलली नाही. शेवटी त्यांचा आवाज चढला. "पुरे झाली नाटकं. उद्या मुकाट्याने वर्गात यायचं."

तेजलचा चेहरा एकदम खुलला.

"आता कशा तुम्ही तुमच्यासारख्या बोलल्या," ती म्हणाली आणि दप्तर भरू लागली.