भोकावरची पाटी

छत्रीबागेतल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये भजन सुरू झालं आणि माझं डोकंच फिरलं. दोन महिने खपून मी स्वतः बनवलेल्या स्पीकरमधून पेटी स्वच्छ ऐकू येत होती, पण तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा पार गायब होता. "घरी बनवलेलं असंच असतं नीरजाताई, पुढच्या वेळी रेडिमेडच घेऊ," सेक्रेटरी रजत माझ्या कानाशी पुटपुटला. मी वाकून पाहिलं. बॉक्सच्या पुढच्या गोल भोकावर चार स्क्रू मारून पितळी पाटी बसवली होती: 'प्लायवूड सौजन्य, रघुवीर मुळ्ये'. "हे कुणी केलं?" "मीच. होल फालतूच खाली, उघडा होता ना, उंदीर घुसले असते," रजत म्हणाला. "फालतू? अरे भिया, त्याला पोर्ट म्हणतात! खर्जाचा आवाज तिथूनच तर येतो. बॉक्स किती लिटरचा ते मोजून आतला पाइप मी तीनदा कापलाय, तेव्हा कुठे तो पंचेचाळीस हर्ट्झवर बसला. आणि तू त्याच्या तोंडावरच नाव ठोकलंस!" मी भजन थांबवलं, पेचकस मागवला आणि सगळ्यांसमोर पाटी काढली. पुन्हा ठेका सुरू झाला तसा डग्गा हॉलभर घुमला. पहिल्या रांगेतले रघुवीरकाका मात्र उठून उभे राहिले. "मग आमचं नाव कुठे लागणार?" पाटी त्यांच्या हातात देत मी म्हणाले, "मागे लावा, काका. माझंही तिथेच आहे, पेन्सिलनं लिहिलेलं."