मुठीतली नळी

"मावशी, बर्फाची पेटी राहिली!" डॉक्टर मागून ओरडले, पण वॉर्डातली आया थांबली नाही. पाच वर्षांच्या पोराच्या मणक्यातून काढलेलं पाणी नळीत होतं, नळी तिच्या मुठीत आणि मूठ पोटाशी.

पोरगं तापानं फणफणलं होतं. आईलाही ओळखत नव्हतं. "परवापर्यंत तळ्यात डुंबत होता हो," असं त्याचा बाप दारात उभा राहून ज्याला त्याला सांगत होता, पण ऐकायला सवड कोणाला? आयानं मात्र ऐकलं. तिची लेक इथेच लॅबमध्ये होती आणि जेवताना रोज तेच सांगून आईचे कान किटवायची: तळ्यातला एक जीव नाकातून मेंदूत शिरतो, आणि नमुना गार केला की असा निपचित पडतो की ओळखूच येत नाही.

"बर्फ लावला नाही," लॅबच्या दारात ती धापा टाकत म्हणाली. "पोर तळ्यात डुंबलंय."

लेकीनं तिच्या मुठीतून नळी काढून घेतली. थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

तोवर डॉक्टर येऊन थडकले. "नमुना वाया गेला, तर त्या लेकराच्या पाठीत पुन्हा सुई घालायची?"

आयाच्या मनात आलं, नोकरी गेली तर गेली, पण खरंच पुन्हा सुई घालावी लागली तर?

"सर, बघा," लेक बाजूला झाली.

डॉक्टर वाकले. बाकी सगळ्या पेशी जागच्या जागी होत्या. त्यांतून एकच पेशी अंग पुढे लोटत सरकत चालली होती: तळ्यातला तोच जीव. त्यांनी तिथूनच वॉर्डात फोन लावला. "औषध बदला. आत्ताच्या आत्ता. वेळेत सापडलंय."

लेक अहवाल लिहू लागली. किती शांतपणे लिहीत होती! आयाचा ऊर अभिमानानं भरून आला.

'नमुना कसा आणला' या रकान्यापाशी डॉक्टर अडखळले. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "आईच्या मुठीत."

"खोडू का, सर?"

"नको." ते आयाकडे वळले. "मावशी, आता तरी मूठ उघडा."

आयानं खाली पाहिलं. रिकामी मूठ अजून घट्ट आवळलेलीच होती.