दहापैकी दोन

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक... चोक..."

नानाजी गुरुजी अडकले. छत्तीस वर्षं समुद्रपूरच्या पोरांकडून पाढे घोकून घेतलेला माणूस चोकवर अडकला, तेव्हा कुठे दिपालीच्या हातातला चिमटा थांबला.

दिपाली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. उकळत्या पाण्यानं भाजलेल्या गुरुजींच्या पायाची पट्टी चार दिवस तीच बदलत होती. पट्टीच्या वेळी पेशंट किती कळवळतो ते पाहायचं आणि दुखण्याचा दहापैकी आकडा कागदावर लिहायचा. आकडा पाचाच्या वर गेला तरच दुसऱ्या दिवशी पट्टीआधी दुखणं कमी करायची सुई. शेजारचा रूपराव पट्टीचं नाव काढताच अख्खा वॉर्ड डोक्यावर घ्यायचा, त्याला आठ. गुरुजी पाढे म्हणायचे, त्यांना दोन. "ज्याले पाढे सुचतात त्याले कायचं दुखणं!" असं मोहिनी सिस्टर पहिल्या दिवशी म्हणाली होती. दिपालीनं ते इमानेइतबारे पाठ करून टाकलं.

"गुरुजी, किती दुखते?"

"लई दुखते बेटा. पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुनं विचारलंच नाई."

पट्टी अर्धवट सोडून दिपाली सिस्टरकडे धावली. "सिस्टर, गुरुजीले सुई द्या ना. माह्यं चुकलं. पाया पडतो तुमच्या."

सिस्टरनं कागद पुढे सरकवला. "चार दिवस दोन. हे अक्षर कोनाचं? सुईले डॉक्टरची सही लागते, अन् डॉक्टर ऑपरेशनमंधी. दुपारी येतीन."

"मंग पट्टी दुपारीच करू."

"अर्धी सोलून आली ना तू? उघडी जखम दुपारपर्यंत ठेवली तर पिकते. जाय, उरक."

दिपाली परत आली. डोळे नुसते वाहत होते. चिमटा तिनं दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

तिचं तोंड पाहूनच गुरुजी समजले. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा केला. तो दातात धरण्याआधी म्हणाले, "रडू नोको बेटा. डोये पूस. तुले नीट दिसलं पाह्यजे."