चार बोटं मांसाखाली

“रंग उडाला म्हणून नाचू नकोस,” दिवा लावत झुआंग बाई म्हणाल्या. “दोनदाच झालंय. उद्या ताजं मांस आणते. तिसऱ्यांदा उडाला, की मग बोल.”

बाईंची पाठ वळताच शेजारी काम करणाऱ्या गाओदादानं वानचिंगला कोपरानं ढोसलं. “कुठल्या जन्मीचं वैर काढतात गं तुझ्यावर?”

वानचिंग भांडं धुवायला घेऊन गेली. बाई तिची आई होती, हे चीनमधल्या फूचौ शहरातल्या त्या प्रयोगशाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं आडनाव बापाचं, बाईंचं त्यांचं स्वतःचं. ती रुजू झाली त्याच दिवशी आईनं बजावलं होतं, “या दाराच्या आत मी तुझी आई नाही. तू काही घडवलंस, तर ते तुझंच म्हणायला हवं लोकांनी.” जिभेला इतकं वळण पडलं, की घरी माशाच्या गोळ्यांचं सूप वाढतानाही ती “बाई, घ्या” म्हणायची.

उजेड पडला की जागे होऊन कर्करोगाची गाठ जाळणारे रेणू घडवण्यात आईचं आयुष्य गेलं. पण उजेड शरीरात खोल पोचत नाही. लेकीनं रचलेला रेणू गाठ ओळखून तिलाच चिकटायचा, आणि जागा व्हायचा तो कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीनं. तो जागा झाला, की तो मिसळलेल्या भांड्यातल्या पाण्याचा पिवळा रंग उडायचा. ध्वनी शरीरात खोल पोचेल का हे बघायला भांड्यावर चार बोटं जाड डुकराचं मांस ठेवायचं आणि वरून ध्वनी सोडायचा. मांस आणायला बाई स्वतः जायच्या. दुसऱ्या कुणाच्या निवडीवर त्यांचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाजारातच कोसळल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अंत्यविधीला वानचिंगच्या दंडावर लेकीनं बांधायची सुतकाची काळी पट्टी दिसली, तेव्हा कुठे गाओला नातं कळलं.

पुढच्या आठवड्यात मांस आणायला तीच गेली. “चार बोटं जाड द्या. चरबी आणि मांस सारखं हवं.”

खाटकाचा सुरा थांबला. “झुआंगताईंच्या प्रयोगशाळेतल्या का? मग त्यांच्या लेकीला ओळखत असाल.”

“का हो?”

“अहो, कान किटवले होते आमचे! ‘मला जन्मभर जमलं नाही, ते माझ्या पोरीनं केलं.’ मला सांगून झालं की कोळणीला, मग भाजीवाल्याला. त्या दिवशीसुद्धा तेच चाललं होतं, बोलता बोलता पडल्या. भेटली तर सांगा तिला.”

“सांगते,” ती म्हणाली.

उजेडाचा संशय नको म्हणून प्रयोगशाळेत अंधार केला. ध्वनी सुरू झाला. सगळे हातातली कामं टाकून भोवती उभे राहिले. वेळ भरल्यावर वानचिंगनं मांस बाजूला केलं आणि दिवा लावला. पाणी नितळ झालं होतं.

“आई,” सगळ्यांसमोर ती मोठ्यानं म्हणाली, “तिसऱ्यांदाही उडाला.”