दोन भोकांचा गोळा

जेवणाची सुट्टी कधीच संपली होती, तरी फिटरचा डबा चांगलाच जड लागत होता. फाटकावर स्टोअरकीपरने तो हातात तोलला आणि त्याला मनातून आनंदच झाला. डबा आणि फिटर, दोघांनाही तो आपल्या खोलीत घेऊन आला.

तीन महिन्यांपासून खनिज दळायच्या चक्कीतले लोखंडी गोळे दुप्पट संपत होते. दळताना गोळे झिजतात, हे शेंबडं पोरही सांगेल, पण इतके? कुठेतरी पाणी मुरत होतं. साहेबांना संध्याकाळपर्यंत चोराचं नाव हवं होतं, आणि चक्कीत गोळे टाकायचं काम फिटरचं. बायकोचा सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं?

"उघड," तो म्हणाला.

फिटरने झाकण काढलं. आत फडक्यात गुंडाळलेले दोन गोळे होते. एक मोसंब्याएवढा, दुसरा जेमतेम लिंबाएवढा.

"सापडलास! आता तुझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवू?"

"नीट बघा, भाऊजी."

मोठ्या गोळ्याला एक बारीक भोक होतं, लहानाला दोन.

"खुणेसाठी मीच पाडली. एक भोक जुन्या मालाला, दोन नव्याला. एकाच दिवशी टाकले, तेव्हा दोन्ही सारखेच होते. काल चक्की उघडली, तेव्हा ढिगातून हुडकून काढले."

"मग बाहेर कुठे नेतोयस?"

"बाहेरच्या काट्यावर वजन करून साहेबांना दाखवायला. इथला काटा तुमच्या खोलीत."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"नवा माल आला तेव्हा कानस लावली होती का?"

प्रत्येक खेपेतला एक गोळा कानशीने घासून बघायचा, मऊ निघाला तर लॉरी परत, असा नियम होता. ती लॉरी ऐन जेवणाच्या वेळी आली होती. डब्यावरून न उठताच स्टोअरकीपरने सही ठोकली होती.

"गोळे इथेच ठेव," तो हळूच म्हणाला. "मी तपासतो."

"नको. चक्कीत ते नुसते झिजतात, भाऊजी. तुमच्या कपाटात नाहीसे होतील."

फिटरने डबा बंद केला. निघता निघता त्याची नजर टेबलावरच्या अहवालाकडे गेली. त्यात चोर म्हणून त्याचं नाव होतं, शाई केव्हाच वाळलेली.

"हेही न तपासताच?" त्याने विचारलं.